सांगलीतला शनिवारचा सिनेमा : परभाषी चित्रपटाला मराठी निवेदन असावं का?

कृष्णाकाठ

मंडळी, विश्रामबागेत आम्ही काही जण दर शनिवारी संध्याकाळी साडेसहाला सिनेमा दाखवतो. जुने मराठी-हिंदी-बंगाली आणि जगभरातले. प्रोजेक्टर एकाचा, स्पीकर दुसऱ्याचे, हॉल फुकट मिळालेला. विलिंग्डन कॉलेजची मुलंमुली येतात, निवृत्त शिक्षक येतात, हळदपेठेतले व्यापारी येतात, गावभागातल्या आज्यासुद्धा येतात. प्रेक्षक इतका मिसळलेला आहे, हीच या उपक्रमातली मला सगळ्यात मोलाची वाटणारी गोष्ट आहे.

अडचण सबटायटलची आहे. इटालियन, जपानी, इराणी चित्रपटांना खाली इंग्रजी ओळी असतात. मुलांना चालतं. पण निम्म्या लोकांना त्या वेगाने इंग्रजी वाचता येत नाही. परवा जपानी दिग्दर्शक यासुजिरो ओझूचा 'टोकियो स्टोरी' (१९५३) लावला होता. मागच्या रांगांत सतत कुजबूज : "काय म्हणाली ती?" पुढचे वळून बघतायत, मागचे ओशाळतायत. संपल्यावर वाद झाला. एक गट म्हणतो, कुणीतरी माइकवर मधूनमधून मराठीत सांगावं. दुसरा म्हणतो, चित्रपटावर बोलणं म्हणजे त्याची नासाडी.

माझं मत स्पष्ट आहे : निवेदन हवं. जागतिक सिनेमा फक्त इंग्रजी येणाऱ्यांचा राहिला, तर सांगलीत तो दाखवून आपण काय मिळवलं? तुमचं काय म्हणणं?

तंबोरा

तीव्र विरोध. आमच्या मिरजेच्या घरात पिढ्यान् पिढ्या तंबोरे आणि सतारी बनतात, त्यामुळे कानाबद्दल मी थोडा हट्टी आहे. त्याच चित्रपटात ओनोमिची गावातल्या बोटीच्या इंजिनाचा आवाज येतो. सुरुवातीला येतो आणि शेवटी पुन्हा येतो. मधे काय काय घडून गेलेलं असतं, म्हणून तोच आवाज शेवटी वेगळा लागतो. त्या जागी कुणी माइकवर "आता ते घरी परत आले आहेत" म्हणालं, की संपलं सगळं. ओझूची माणसं दोन वाक्यांच्या मधे गप्प बसतात, आणि निवेदकाला नेमकी तीच जागा मोकळी दिसणार.

हळदपेठ

तंबोरा दादा, तुमचं कानाचं बरोबर हाय. पर आमच्या डोळ्याचं काय करायचं? माझं शिक्षान धावीपर्यंत. 'बायसिकल थीव्हज' (१९४८) तुम्ही लावलासा तवा मी पैल्यांदा आलो. सायकल गेली म्हंजे काम गेलं, हे कळाया भाषा लागत न्हाई. बाप पोराला घिऊन हाटेलात बसतो, शेजारच्या टेबलावर श्रीमंताचं पोरगं खातंय, त्या वेळी हॉलमधी एकानं बी आवाज केला न्हाई. पर ती भविष्य सांगणारी बाई येती, तिथं ती काय म्हणली ते मला आजतागायत कळालं न्हवतं. शेवटी पोरीला इचारलं. "सापडली तर लगीच सापडंल, न्हाईतर कधीच न्हाई." एवढ्या एका वाक्यात अख्खा सिनेमा हाय आणि ते माझं निसटलं हुतं. निवेदन पायजेच.

गावभागातली

हळदपेठ दादांना +१.

अवांतर : निवेदन असो वा नसो, आधी भडंगाच्या पुड्या हॉलबाहेर ठेवायचा नियम करा. सांगलीच्या भडंगाचा मला अभिमान आहे, पण ओझूची शांतता आणि भडंगाचा कुरकुरीतपणा यांचं जमत नाही.

जुनी_पेटी

उत्तम धागा. तंबोऱ्यांचा मुद्दा मान्य करूनही मला वेगळं वाटतं, आणि त्याला कारण सांगलीच आहे.

१८४३ साली विष्णुदास भाव्यांनी चिंतामणराव पटवर्धनांच्या दरबारात 'सीतास्वयंवर' केलं, तेव्हा पात्रांना लिहिलेले संवाद नव्हते. सूत्रधार आणि त्याचे साथीदार पदं म्हणायचे, कथा पुढे न्यायचे. पात्रं त्यावर अभिनय करायची आणि गद्य भाषण उत्स्फूर्त. म्हणजे मराठी नाटक जन्मलं तेव्हा रंगमंचावर एक सांगणारा माणूस उभा होताच. प्रेक्षकांना त्यात काही खटकलं नाही.

जपानमध्येही हेच. मूकपटाच्या काळात तिथे पडद्याशेजारी 'बेन्शी' उभा असायचा. तो कथा सांगायचा, सगळ्या पात्रांचे आवाज काढायचा. लोक नटाइतकेच बेन्शीचं नाव बघून तिकीट काढत. दिग्दर्शक अकिरा कुरोसावाचा थोरला भाऊ बेन्शी होता. बोलपट आल्यावर या लोकांची कामं गेली. आपल्याकडे मूकपटातल्या पाट्या दोन-तीन लिप्यांत असत आणि वाचता येणारा शेजाऱ्याला मोठ्याने वाचून दाखवी. थिएटरात पूर्ण शांतता हवी ही अपेक्षा त्या मानाने नवी आहे.

तेव्हा निवेदनाला कमी लेखू नका. प्रश्न इतकाच, की निवेदक कसा आहे.

तंबोरा

पेटीकाका, माहितीबद्दल मनापासून आभार. पण भाव्यांनी सूत्रधारासाठीच रचना केली होती. त्याला काढलं तर नाटक उभंच राहत नाही. ओझूने १९५३ साली निवेदकासाठी जागा ठेवलेली नाही. कुणाच्या कृतीत आपण बाहेरून माणूस घुसवायचा का, हा माझा प्रश्न तसाच आहे.

जुनी_पेटी

रास्त. फक्त एक भर घालतो. ओझू स्वतः मूकपटातूनच आला. जपानमध्ये बोलपट रुळल्यावरही तो बरीच वर्षं मूकपट करत राहिला, त्याचा पहिला बोलपट १९३६ चा. म्हणजे आपल्या चित्रपटाशेजारी कुणीतरी बोलतंय हे त्याने वर्षानुवर्षं पाहिलं होतं. त्याला ते आवडत होतं असं मी म्हणत नाही.

पुण्यातला_तासगावकर

मी पुण्यात असतो, आईवडील तासगावला. गेल्या शनिवारी दोघांना तिकडे पाठवलं होतं. म्हणजे त्याच 'टोकियो स्टोरी'ला.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी : म्हातारं जोडपं गावाहून मुलांकडे टोकियोला येतं. मुलगा डॉक्टर, मुलगी ब्यूटी पार्लर चालवते. दोघंही वाईट नाहीत, फक्त वेळ नाही. मग आईवडिलांना आतामीच्या गरम पाण्याच्या झऱ्यांना पाठवून देतात. तिथे रात्रभर दंगा, झोप लागत नाही. जीव लावते ती युद्धात गेलेल्या मुलाची बायको, जिच्याशी रक्ताचं नातं नाही.

रात्री बाबांचा फोन आला. पहिलं वाक्य : "अरे, ते आपल्यासारखेच जमिनीवर बसतात की." मग बराच वेळ त्या म्हाताऱ्याबद्दल बोलत होते. तो मुलांना एकदाही दोष देत नाही, आणि मित्रांबरोबर प्यायला बसल्यावर मात्र कसं थोडंथोडं बाहेर येतं. बाबांना इंग्रजी बरं येतं, त्यांना कळलं. आईला मधलं बरंच कळलं नाही. पण सुनेचं आणि सासूचं नातं तिने बरोबर पकडलं, ते बाबांच्या लक्षात आलं नव्हतं. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. भाषा न कळणारा माणूस कमी बघतो असं नाही, तो वेगळं बघतो. म्हणून निवेदकाने अर्थ सांगायला जाऊ नये. फार तर संवाद सांगावा.

आणि मधला मार्ग कुणीच का सुचवला नाही? सबटायटलच मराठीत करा की.

अक्षरजुळणी

हेच लिहायला आलो होतो. सबटायटलची फाइल ही साधी मजकुराची फाइल असते. क्रमांक, सुरुवातीची वेळ, शेवटची वेळ, खाली ओळ. इंग्रजी फाइल हातात असेल तर वेळा तशाच ठेवून फक्त ओळी मराठीत लिहायच्या. 'सबटायटल एडिट' हे मोफत सॉफ्टवेअर त्यासाठी उत्तम आहे.

अनुभवाचे चार शब्द. फाइल जतन करताना एन्कोडिंगमध्ये यूटीएफ-८ निवडा, नाहीतर पडद्यावर चौकोन दिसतील. फाँट आधी तपासून घ्या, काही प्लेअरमध्ये जोडाक्षरं आणि वेलांट्या तुटतात. एका वेळी दोनच ओळी, त्याही आखूड. सगळं भाषांतरित करायच्या मोहात पडू नका. चेहऱ्यावर जे दिसतंय ते लिहायची गरज नसते. "हो", "नाही", "आई" या ओळी सरळ गाळल्या तरी चालतात. संवादप्रधान चित्रपटात हजाराच्या वर ओळी असू शकतात, म्हणून एकट्याने करू नका. तिघाचौघांत वाटून घ्या, पण शेवटचा हात एकाचाच फिरू द्या. नाहीतर तोच बाप पहिल्या अर्ध्या तासात "तुम्ही" आणि नंतर "तू" होतो.

दुसरं, तुमचा हॉल सपाट आहे ना? मग खालची ओळ पुढच्यांच्या डोक्यांमागे जाते. तुमच्या निम्म्या कुजबुजीचं कारण तेच असेल. पडद्याची खालची कड बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या वर घ्या, किंवा प्लेअरच्या सेटिंगमध्ये सबटायटल वर सरकवा.

गावभागातली

डोक्यांचा मुद्दा शंभर टक्के खरा. मी दर शनिवारी मान तिरकी करून बघते.

कायद्याचं_बोला

उत्साहावर पाणी ओतायचं नाही, पण आधी हे वाचा. प्रवेश मोफत असला तरी सार्वजनिक ठिकाणी चित्रपट दाखवायला हक्कधारकाची परवानगी लागते. आपल्या १९५७ च्या कायद्यात चित्रपटाचा स्वामित्वहक्क प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून साठ वर्षं चालतो. प्रभातचा 'संत तुकाराम' १९३६ चा, त्याची मुदत कधीच संपली. 'सामना' सत्तरच्या दशकातला, म्हणजे त्याचे हक्क अजून शाबूत. भाषांतराचाही हक्क असतो, त्यामुळे मराठी सबटायटल करताना तेही विचारून घ्या.

फिल्म सोसायट्यांना हा रस्ता जुना आहे. सत्यजित राय वगैरेंनी १९४७ मध्ये कलकत्त्यात सोसायटी काढली, १९५९ मध्ये देशभरातल्या सोसायट्यांचा महासंघ झाला, राय त्याचे पहिले अध्यक्ष. रीतसर सोसायटी म्हणून नोंदणी करा आणि महासंघाशी बोला. जर्मन चित्रपटांसाठी पुण्याच्या मॅक्स म्युलर भवनात विचारा. पत्र लिहिलं तर लोक उत्तर देतात, हा माझा अनुभव आहे.

कृष्णाकाठ

@कायद्याचं_बोला, फार उपयोगी. नोंदणीचं काम हातात घेतलंय. परवानगीची पत्रं दोन विद्यार्थिनी लिहितायत.

हळदपेठ

ह्ये साठ वर्षाचं बरं सांगिटलंसा. मग कोल्हापूरचं सगळं जुनं लावा की! बाबूराव पेंटरांचं, प्रभातचं. शेजारच्या गावात सिनेमा जन्मला आणि आपण जपानला कशाला जायाचं?

जुनी_पेटी

दादा, तुमच्या मनातलं दुःख माझ्याही मनात आहे. पेंटरांचा मूक 'सावकारी पाश' १९२५ चा. सावकार शेतकऱ्याची जमीन गिळतो आणि तो शहरात मजूर होतो. त्या तरुण शेतकऱ्याचं काम व्ही. शांताराम यांनी केलं होतं. आजही आपल्या जिल्ह्यात कुणालाही समजावून सांगावा लागणार नाही असा विषय. तो मूकपट आज उपलब्ध नाही. पेंटरांचे बहुतेक मूकपट गेले. त्या काळची फिल्म नायट्रेटची, ती सहज पेट घेते आणि नीट ठेवली नाही तर आपोआप कुजते. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय पुण्यात निघालं १९६४ ला, तोवर बरंच काही गेलं होतं. संग्रहालयाच्या पी. के. नायरांनी गावोगाव फिरून जे वाचवलं, त्यामुळे फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'चा काही भाग तरी आपण बघू शकतो.

प्रभात मात्र आहे. १९२९ मध्ये कोल्हापुरात सुरू, १९३३ मध्ये पुण्याला गेली. 'संत तुकाराम' लावाच. विष्णुपंत पागनीस तुकाराम आणि गौरी जिजाई. भक्तिपट म्हणून बघायला येणारे लोक जिजाईवर जीव टाकून परत जातात. विठ्ठलावर चिडणारी, पोरांना काय खायला घालू म्हणून भांडणारी बाई इतक्या खरेपणाने नंतर फार क्वचित दिसली.

तंबोरा

जिजाईबद्दल सहस्र वेळा सहमत.

पूररेषा

मी कोकरबद्दल लिहितो. इराणच्या उत्तरेतलं खेडं. अब्बास कियारोस्तामीने तिथे १९८७ मध्ये 'व्हेअर इज द फ्रेंड्स हाउस' केला. गोष्ट एवढीशी : वर्गमित्राची वही चुकून अहमदच्या दप्तरात येते. गृहपाठ वहीत केला नाही तर मास्तर त्या मुलाला शाळेतून काढणार आहेत. मित्र शेजारच्या गावात राहतो, घर माहीत नाही. आई घरकामाला जुंपते, आजोबा उगाच अडवतात, मोठं माणूस कुणी ऐकूनच घेत नाही. पोरगं टेकडीवरच्या नागमोडी वाटेने पळत राहतं. काम करणारी मुलं त्या परिसरातलीच.

१९९० मध्ये त्या भागात मोठा भूकंप झाला, हजारो माणसं गेली. कियारोस्तामी मुलाला घेऊन गाडीने निघाला, ती चित्रपटातली मुलं जिवंत आहेत का हे बघायला. त्या प्रवासावर त्याने पुढे १९९२ मध्ये आणखी एक चित्रपट केला. त्यात लोक ढिगाऱ्यातून सतरंज्या, भांडी काढतायत. आणि एक माणूस टीव्हीचा अँटेना उभा करतोय, फुटबॉलचा विश्वचषक बघायचा म्हणून.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचं पाणी आमच्या घरात वरच्या मजल्याच्या पायऱ्यांपर्यंत होतं. ओसरल्यावर चिखल काढताना शेजारचे काका पहिल्यांदा कॅरमबोर्ड धुवून उन्हात ठेवत होते. लोक त्यांना नावं ठेवत होते. मी तो अँटेनावाला माणूस पाहिला आणि मला काका समजले. हे दोन्ही चित्रपट सांगलीत लागोपाठच्या शनिवारी लावा. पहिल्याला मराठी सबटायटल करायला मी बसतो. संवाद सोपे आहेत, मुलांचे.

अक्षरजुळणी

मीही आहे. वेळा जुळवायचं काम माझ्याकडे.

गावभागातली

माझी एक विनंती, ती सिनेमाइतकीच महत्त्वाची. संपल्यावरची चर्चा साडेनऊच्या पुढे नेऊ नका. मिरज-कुपवाडकडे जाणाऱ्या बायका चर्चेतून अर्ध्यावर उठतात, आणि मग चर्चेत बोलणारे सगळे पुरुषच उरतात. मोठा चित्रपट असेल तर सहालाच सुरू करा.

कृष्णाकाठ

मान्य. या शनिवारपासून सहा.

गंधर्वनगरी

नवीन सदस्य आहे. मुलं आणली तर चालतं का?

कृष्णाकाठ

आवर्जून आणा. पुढच्या शनिवारी तर आणाच.

कृष्णाकाठ

वृत्तांत द्यायचा राहिला होता. परवानगीचं उत्तर आलं आणि कियारोस्तामीचा पहिला चित्रपट काल मराठी सबटायटलसह झाला. पूररेषा, अक्षरजुळणी आणि विलिंग्डनच्या दोन मुली, तुमचे किती आभार मानू! पडदा वर घेतला, ओळीही वर सरकवल्या. कुजबूज जवळपास थांबली. मुलं पुढे सतरंजीवर बसली होती. आजोबा अहमदला सिगरेट आणायला पाठवतात आणि नंतर कळतं की त्यांच्याजवळ सिगरेट होतीच, तिथे ती मुलं इतकी चिडली की हॉल हसला.

पण मला सांगायचंय ते दुसरंच. शेवटाकडे एक म्हातारा सुतार रात्री अहमदबरोबर चालतो. गल्लीतली दारं-खिडक्या दाखवत जातो : ही मी केली, तीही मी केली. आता लोक लोखंडी दारं बसवतात. चर्चेत एक गृहस्थ उठले, ते याआधी कधी बोलले नव्हते. त्यांच्या वडिलांनी गावभागातल्या वाड्यांची सागवानी दारं केली होती. कुठल्या वाड्याचं दार अजून आहे, कुठलं पुरात फुगलं, कुठलं भंगारात गेलं, हे ते सांगत राहिले. घड्याळाकडे बघून मी त्यांना थांबवणार होतो, पण गावभागातलीताईंनीच खुणेने "बोलू द्या" म्हटलं.

हे इंग्रजी ओळींवर घडलं नसतं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

तरी प्रश्न पूर्ण सुटलेला नाही. मोतीबिंदूमुळे मराठीसुद्धा वाचता न येणारे पाच-सहा जण आहेत. त्यांना ऐकूनच समजणार. त्यामुळे निवेदनाबद्दलचं माझं मत कायम आहे, फक्त आता ते सगळ्या हॉलसाठी नको.

तंबोरा

मी काल होतो. सबटायटल चांगली झाली. सुताराच्या प्रसंगात बऱ्याच ओळी गाळल्या होत्या ते फार आवडलं, पावलांचा आवाज ऐकू आला.

ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी एक सुचवतो. डावीकडची शेवटची रांग त्यांची. त्या रांगेत एकाने बसून हळू आवाजात ओळी वाचायच्या, माइक नाही. निवेदक म्हणून मी बसतो. कुठे गप्प राहायचं हे ठरवायचा अधिकार मात्र माझा.

जुनी_पेटी

मिरजेचा बेन्शी! मनापासून अभिनंदन. डावीकडच्या रांगेत एक खुर्ची माझी. डोळे माझेही गेलेत आता.

हळदपेठ

तंबोरा दादा, भले शाब्बास. माझ्या आईला बी आणतो. ८० वर्षाची हाय, पर सिनेमात कोण खोटं बोलतंय ते तिला आधी कळतंय.

पुढला कुठला?

कृष्णाकाठ

पुढच्या शनिवारी 'संत तुकाराम'. सबटायटल नको, निवेदन नको. त्यानंतर कियारोस्तामीचा दुसरा, त्याचं भाषांतर निम्मं झालंय. मग कुरोसावाचा 'सेव्हन सामुराय' घ्यायचा विचार आहे. तो २०७ मिनिटांचा आहे, मूळ चित्रपटातच मध्यंतर आहे. भाषांतराला आणखी चारजण लागतील, नावं इथेच द्या.

गावभागातली

माझं नाव लिहा. आणि साडेतीन तासांचा असेल तर चारला सुरू करा. मध्यंतरात भडंग चालेल.